संमतीचा घटस्फोट : फारकतीच्या स्टँपपासून हुकूमनाम्याच्या नकलेपर्यंत

पाचशे रुपयांचा स्टँप पेपर, दोन्हीकडचे साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि आजपासून आम्ही एकमेकांना पती-पत्नी मानणार नाही, दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे आहोत, असा मजकूर. या कागदाला फारकत म्हणतात, सोडचिठ्ठी म्हणतात, काडीमोडही म्हणतात. तालुक्याच्या गावांत आजही असा कागद हातात घेऊन माणसं घटस्फोट झाला असं धरून चालतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे तो घटस्फोट नाही. कलम २९(२) मध्ये एक वाट ठेवलेली आहे : एखाद्या समाजात घटस्फोटाची जुनी, सातत्याने पाळली गेलेली रूढी असेल, तर ती कायद्याने टिकवली आहे. पण ती रूढी आहे हे सांगणाऱ्यानेच पुराव्याने सिद्ध करायचं असतं, आणि तेही कोर्टातच. ज्यांना हे सिद्ध करता येत नाही त्यांचं पहिलं लग्न चालूच राहतं. मग दुसऱ्या लग्नानंतर पहिल्या जोडीदाराने तक्रार केली की भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागू होतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. दुसरं लग्न रद्दबातल ठरतं ते वेगळंच. म्हणून पहिली गोष्ट अशी की दोघांचं कितीही पटलेलं असो, न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अधिकृत आदेश, लागतोच.

हुकूमनाम्याच्या दोन वाटा आहेत. कलम १३ ची एकतर्फी वाट, म्हणजे एकाने दुसऱ्याविरुद्ध कारण दाखवून मागितलेला घटस्फोट. आणि कलम १३-ब ची परस्पर संमतीची वाट, जी १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. इथे मुख्यतः दुसरीबद्दल सांगायचं आहे. कारण एकतर्फी सुरू झालेली पुष्कळ प्रकरणंसुद्धा शेवटी तडजोडीवर येऊन याच कलमाखाली संपतात, आणि कारण या वाटेवर जे बिघडतं ते बहुतेक वेळा कोर्टात जायच्या आधीच, घाईत लिहिलेल्या संमतीच्या अटींमध्ये बिघडलेलं असतं.

आधी अटी आणि गणित. लग्नाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असेल तर कलम १४ खाली वेगळी परवानगी मागावी लागते. १३-ब साठी त्याखेरीज अर्जाच्या आधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या पत्त्यावर राहणंच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं आहे की एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर ते वेगळे राहणंच होय. मुंबई-पुण्यात घरभाड्यामुळे आणि मुलांच्या शाळेमुळे अशी जोडपी बरीच असतात. त्यांनी अर्जात तसं खरं लिहावं. खोटा वेगळा पत्ता दाखवायचा आणि मग आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि समुपदेशकासमोरचं बोलणं यांचा मेळ बसत नाही, असा गोंधळ कशाला? वेगळे राहायला लागल्याची तारीख नक्की लिहायची. ‘गेल्या वर्षापासून’ किंवा ‘दिवाळीच्या सुमारास’ असं लिहिलेला अर्ज तपासणीत परत येतो.

अर्ज कुठे करायचा ते कलम १९ ठरवतं : लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, सामनेवाला (म्हणजे दुसरी बाजू) सध्या जिथे राहतो, किंवा अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जिथे राहते. पत्नीला मिळालेली ही सोय २००३ ची आहे. लग्न सांगलीत, संसार पिंपरीत, बायको आता नाशिकला माहेरी, अशा वेळी तिन्ही ठिकाणी अर्ज चालू शकतो. संमतीच्या अर्जात दोघांना सोयीचं एक निवडायचं, पण निवडलेल्या ठिकाणाचा पुरावा जोडायचा. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्याच न्यायालयात जातो. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पुण्यात शिवाजीनगरला. जिथे ते नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जायचं. आंतरधर्मीय किंवा नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केलेल्यांना त्याच कायद्याचं कलम २८ लागतं आणि प्रक्रिया जवळजवळ तीच आहे. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम विवाहांचे कायदे वेगळे. गोव्यात नोंदलेल्या लग्नांचा पाया तर पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याचा, तेव्हा त्यांनी महाराष्ट्रातला नमुना अर्ज उतरवून घेऊ नये.

आता संमतीच्या अटी. वकिलांच्या बोलण्यात ‘कन्सेंट टर्म्स’. हा तीन-चार पानांचा कागद. अर्ज साच्यातला असतो, हा नसतो, आणि यावर पुढची दहा-पंधरा वर्षं चालायची असतात. विशेषतः मूल असेल तर. इथे घाई करू नये, एवढं अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं. ‘एकदाचं सुटायचं आहे’ या भावनेने सही करणारी माणसं पुढे त्या एकेका सैल वाक्यासाठी वर्षं घालवतात.

पोटगी एकरकमी की दरमहा, हे पहिलं. त्यासाठी कायद्यात ठरलेली टक्केवारी नाही. पगाराच्या चौथ्या हिश्श्याची जी गोष्ट सगळीकडे ऐकू येते तो नियम नव्हे, निकालांमध्ये वापरलेला एक अंदाज आहे. संमतीत रक्कम दोघं ठरवतात आणि ती शून्यही असू शकते. दरमहा ठरवली तर तारीख, खातं, दरवर्षीची वाढ आणि थांबण्याची वेळ लिहायची. ‘योग्य ती वाढ’ असं लिहिलं तर दर दोन वर्षांनी भांडण ठरलेलं. त्यापेक्षा ‘दर एप्रिलपासून ८ टक्के’ असं आकड्यात लिहावं. एकरकमी ठरवली तर हप्ते कोर्टाच्या टप्प्यांना बांधायचे. सर्वांत टिकाऊ मांडणी अशी : एक भाग अर्ज दाखल होताना, मोठा भाग शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, आणि काही फौजदारी प्रकरण असेल तर त्याच्या निकालाच्या वेळी उरलेला भाग. ड्राफ्टचा क्रमांक, तारीख, बँक आणि रक्कम पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात, लिहून, मिळाल्याची सही घेऊन ती प्रकरणात दाखल करायची. रोख देऊ नये, आणि दिली तर ती कागदावर नसल्याने दिलीच नाही असं धरा. करांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा : एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती मानली जाते, तर दरमहाची पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजली जाते. दोन पर्यायांची तुलना करताना हा हिशेब पुष्कळांकडून राहून जातो.

स्त्रीधनाची यादी वेगळं परिशिष्ट म्हणून जोडावी आणि वजन ग्रॅममध्ये लिहावं. ‘पाच तोळ्यांचा राणीहार’ असं लिहिलं की वाद उभा राहतो, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा; पाच तोळ्यांत आठ ग्रॅमचा फरक पडतो. दागिने बँकेच्या संयुक्त लॉकरमध्ये असतील तर अर्ज दाखल करण्याआधीच दोघांनी जाऊन काढावेत. घटस्फोटानंतर एकाने सहीला यायचं नाकारलं तर लॉकर उघडायला पुन्हा कोर्ट.

घर हा सगळ्यात अवघड भाग. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर. कागदावर लिहितात, ‘फ्लॅट पत्नीकडे राहील आणि कर्ज पती फेडेल.’ बँक हा करार ओळखत नाही. नवऱ्याने हप्ता थांबवला तर बँक सहकर्जदार म्हणून बायकोच्याच मागे लागणार आणि तिची पतनोंद बिघडणार. म्हणून आधी बँकेकडून सहकर्जदाराचं नाव कमी करण्याबद्दल लेखी घ्यावं, नाहीतर कर्ज फेडूनच हस्तांतर करावं. हस्तांतराच्या वेळेचंही महत्त्व आहे. महाराष्ट्रात राहती मिळकत पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. ही सवलत नवरा-बायकोच्या नात्याला आहे. हुकूमनामा झाल्यावर नातं संपतं आणि मग तोच दस्त पूर्ण शुल्काचा होतो. लाखांचा फरक केवळ क्रम चुकल्याने पडतो. बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकमाआधी नोंदवावं. आणि त्यात ‘पोटगीच्या मोबदल्यात’ असं लिहू नये, कारण मोबदला आला की ती बक्षीस राहत नाही. हुकूमनाम्यानेच घर द्यायचं असेल तर त्या मिळकतीचं पूर्ण वर्णन, म्हणजे सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा, हे मूळ अर्जातच हवं.

मुलांचा भाग लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, ताबा आणि भेट. ‘वडिलांना मुलाला भेटण्याचा अधिकार राहील’ या वाक्यातून काहीच मिळत नाही. लिहायचं ते असं : दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, उन्हाळ्यात सलग किती दिवस, मुलाला घ्यायला-सोडायला कोण जाणार आणि कुठे, परीक्षेच्या काळात काय, आजी-आजोबांशी बोलणं कधी. शाळेची फी कोण भरणार हे लिहितात, पण शिकवणी, प्रवास, आजारपण आणि बारावीनंतरचं शिक्षण राहून जातं. मुलाच्या पासपोर्टला साधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणून अर्जावर सही करण्याची आणि परदेशप्रवासाआधी किती दिवस कळवायचं याचीही अट घालावी. आईने ‘माझी आणि मुलाची भविष्यातली कोणतीही पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. तो मुलाचा हक्क आहे, आई त्याच्या वतीने सोडून देऊ शकत नाही. ताब्याचे आणि मुलांच्या खर्चाचे हुकूम परिस्थिती बदलल्यास कलम २६ खाली नंतरही बदलून मागता येतात.

दुसरी सुरू असलेली प्रकरणं एकेक करून, क्रमांक आणि कोर्टासह, नोंदवायची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज, पोटगीचा अर्ज, छळाचा गुन्हा. ‘एकमेकांवरच्या सर्व केसेस मागे घेऊ’ एवढं पुरत नाही. अर्ज मागे घेता येतात. पण भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ खाली, किंवा १ जुलै २०२४ नंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, नोंदलेला गुन्हा पोलीस ठाण्यात जाऊन ‘मागे घेता’ येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात दोघांच्या संमतीने तो रद्द करून घ्यायचा अर्ज करावा लागतो, आणि फिर्यादी पत्नीला तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे, त्यामुळे तिथल्या लोकांची मुंबईची खेप वाचते. इथेच नेहमी अडतं : नवरा म्हणतो गुन्हा आधी रद्द होऊ दे मग पैसे, बायको म्हणते पैसे आधी. दोघांच्या भीतीला आधार आहे. उपाय म्हणून शेवटचा हप्ता कोर्टात जमा करायचा आणि गुन्हा रद्द झाल्याचा आदेश दाखवल्यावर तो पत्नीने उचलायचा, असं लिहावं.

एवढं ठरलं की दाखल करणं सोपं. अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला जोडतात. नोंदणी झालेली नसेल तर घटस्फोट अडत नाही. लग्नपत्रिका, लग्नाचा दोघांचा फोटो आणि प्रतिज्ञापत्र यावर काम होतं. त्याखेरीज दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, वकीलपत्र. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे वकील हा तिथे हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. प्रत्यक्षात ती मिळते. वकील न लावता स्वतःही अर्ज चालवता येतो. फीची अडचण असलेल्या बाईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं; १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्यांना सांगितलं जातं. घटस्फोटाच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

तपासणीत जे अर्ज परत येतात ते बहुधा नावांवरून. आधारवर माहेरचं नाव, विवाह दाखल्यावर सासरचं, पॅनवर मधलं नावच नाही. अर्जाच्या शीर्षकात ‘अमुक ऊर्फ तमुक’ असं दोन्ही नावांनी लिहावं, म्हणजे पुढे पासपोर्ट आणि बँकेत तोच हुकूमनामा चालतो. दुसरी नेहमीची त्रुटी : लग्नाची तारीख पत्रिकेवर एक, दाखल्यावर दुसरी. नोंदणीच्या तारखेलाच लग्नाची तारीख समजून लिहिलेलं असतं. त्रुटी दूर झाल्या की क्रमांक पडतो. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीच्या अर्जाला ‘एफ’ लागतं, एकतर्फीला ‘ए’, पोटगीला ‘ई’. सोबत १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख आणि रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, त्यावरूनच दिसतो, तारखेसाठी कुणाला फोन करत बसावं लागत नाही.

मग विवाह समुपदेशक. इथे दोघांना एकत्र आणि वेगवेगळं बोलावतात. ही परीक्षा नाही आणि इथे भांडण जिंकायचं नसतं. संमती खरी आहे का, कुणाच्या दबावाखाली आहे का, मुलांचं काय ठरलं आहे आणि पैशाच्या अटी दोघांना सारख्याच समजल्या आहेत का, हे पाहिलं जातं. समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, ते पुरावा म्हणून वापरलं जात नाही. अहवाल थोडक्यात जातो. ज्या बाईने घरच्यांच्या धाकाने सही केली असेल तिने हे इथे नक्की बोलावं. ही बोलण्याची बहुधा पहिली सुरक्षित जागा असते.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. कलम १३-ब(२) म्हणतं की अर्ज दाखल केल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुढे चालवायचं. इंटरनेटवर वाचलेले ‘फर्स्ट मोशन, सेकंड मोशन’ हे दिल्लीकडचे शब्द. तिथे दोन वेगळे अर्ज होतात. महाराष्ट्रात अर्ज एकच, सहा महिन्यांनी त्यातच पुराव्याचं शपथपत्र येतं. १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक नसून न्यायालय ती माफ करू शकतं असं ठरवलं. त्यासाठी मुख्य गणित असं की अर्जाच्या आधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं पूर्ण झालेलं असावं : कायद्याचं एक वर्ष अधिक हे सहा महिने. शिवाय समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी, ताबा आणि इतर सगळे वाद खरोखर मिटलेले असावेत. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२४ पासून वेगळे असाल तर १ जानेवारी २०२५ नंतर अर्ज करता येतो, पण १ जुलै २०२५ नंतर केलात तर मुदत माफीचा अर्ज भक्कम होतो. माफीचा अर्ज दाखल झाल्यावर आठवड्याने देता येतो. २०२१ च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अटी उदाहरणादाखल आहेत असं म्हटलं, म्हणजे न्यायालय इतर परिस्थितीही बघू शकतं. तरी माफी हक्काने मिळत नाही. मुलाच्या अटी अर्धवट असतील किंवा ‘पोटगीबद्दल नंतर ठरवू’ असं लिहिलेलं असेल तर नाकारली जाते, आणि ते बरोबरच आहे.

या सहा महिन्यांत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतो. १९९१ च्याच निकालाने ठरलं आहे की संमती हुकूमनाम्याच्या क्षणापर्यंत टिकलेली असली पाहिजे. एकाने माघार घेतली की १३-ब चा अर्ज निकाली निघतो, मग उरते कलम १३ ची वाट. म्हणूनच सगळी रक्कम अर्जाच्या दिवशी देऊ नये आणि घेणाऱ्यानेही सगळे दावे आधी काढून घेऊ नयेत, असं वर सांगितलं. एखादा तारखेला येतच नसेल तर त्याला नोटीस जाते आणि तारखा वाढतात. अठरा महिने उलटले की सगळं पहिल्यापासून.

शेवटचा दिवस छोटा असतो. कौटुंबिक प्रकरणं बंद दरवाजाआड चालवायची सोय कायद्यात आहे. शपथपत्रं आधीच दाखल असतात. न्यायाधीश साधारण पाच-सहा प्रश्न विचारतात : संमती स्वतःहून दिली का, कुणी जबरदस्ती केली का, कधीपासून वेगळे राहता, अटी वाचल्या का, पैसे मिळाले का, मुलं कुणाकडे. उत्तर थोडक्यात आणि शपथपत्राशी जुळणारं द्यावं. मूळ ओळखपत्रं जवळ ठेवावीत. पुकारा झाला तेव्हा हजर नसल्याने तारीख हुकणं हे इथलं सगळ्यांत किरकोळ आणि सगळ्यांत जास्त घडणारं कारण आहे, तेव्हा बोर्डावरचा नंबर पाहून सकाळी साडेदहापासूनच आत बसावं.

नवरा अमेरिकेत, बायको ठाण्यात, अशा जोडप्यांना आता दोनदा विमानाने यावं लागतंच असं नाही. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टील (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) करून पाठवायचं. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, नाहीतर ते चालत नाही. जबाब व्हिडिओवरून देण्यासाठी वेगळा अर्ज करायचा. उलट बाजूचा प्रश्न जास्त गंभीर आहे : तिकडच्या कोर्टाचा घटस्फोट इकडे चालतो का. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या एका निकालाप्रमाणे, हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाचा परदेशी हुकूमनामा इथे मानला जायचा तर इथल्या कायद्यातलं कारण हवं आणि दुसऱ्याने खऱ्या अर्थाने त्या कोर्टात भाग घेतलेला किंवा संमती दिलेली हवी. भारतात असलेल्या बायकोला नुसतं पत्र पाठवून तिच्या गैरहजेरीत मिळवलेला हुकूम इथे टिकत नाही. तशी नोटीस आली तर गप्प बसू नका, पण सल्ला न घेता तिकडे वकीलही उभा करू नका; हजर झालात की त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला, असा अर्थ लावला जाऊ शकतो.

संमती न जुळल्यास एकतर्फी अर्ज. क्रूरता, दोन वर्षांपासूनचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं ही त्यातली वापरात असलेली कारणं. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं. ‘आमचं पटत नाही’ हे कारण नाही. संसार सावरण्यापलीकडे मोडला या आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने पक्कं केलं. खालच्या कोर्टात त्याचा हवाला देऊन उपयोग नाही. टप्पे असे : समन्स, कैफियत (दुसऱ्या बाजूचं लेखी उत्तर), समुपदेशन, वादाचे मुद्दे ठरवणं, शपथपत्रावर सरतपास (स्वतःची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद. वेळ जातो तो समन्सवर आणि उलटतपासावर. बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) जातो, घराला कुलूप, पुन्हा समन्स. पत्ता अपुरा असला तर सहा महिने यातच जातात. दरम्यान कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज दोघांपैकी कुणीही करू शकतो. कायदा म्हणतो की तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. पगारपत्रकं, आयकर विवरणं, बँकेचे उतारे आधीच गोळा करून ठेवावेत. व्हॉट्सॲपचे संदेश दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चा दाखला जोडायचा आणि मूळ फोन सांभाळून ठेवायचा. नुसते छापलेले स्क्रीनशॉट विरोधी वकील पहिल्याच मिनिटात उडवतो. अशा लढतीत कुठल्याही टप्प्यावर तडजोड झाली तर त्याच प्रकरणात १३-ब कडे वळता येतं.

हुकूमनाम्यानंतर दुसऱ्या लग्नाची घाई असेल तर : लढून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते आणि अपील दाखल नाही याची खात्री करावी लागते. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांवरची नामनिर्देशनं आपोआप बदलतील या भरवशावर राहू नये. प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलावी लागतात.

नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रत्येकी तीन-चार प्रमाणित प्रती मागाव्यात. आणि हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून वाचावं. नावांचं स्पेलिंग, लग्नाची तारीख, मुलांची नावं. चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच होतो, दहा वर्षांनी पासपोर्ट कार्यालयात ती सापडली तर तोच अर्ज फार महागात पडतो. मुख्य म्हणजे हे वाक्य शोधायचं (निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) : ‘निशाणी अमुक येथील संमतीच्या अटी या हुकूमनाम्याचा भाग राहतील.’ पुढे हप्ता थकला किंवा मुलाची भेट नाकारली गेली, तर याच वाक्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल होते. ते नसेल तर त्या चार पानांची अंमलबजावणी मागायला पुन्हा वेगळा दावा करावा लागतो.